४८ व्होल्ट दाबलं की इंटरफेस गायब, चार्जर लावला की चुंईंऽऽ : काही विकत घ्यायच्या आधी हे करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घरी अभंग रेकॉर्ड करायचेत, दोन इनपुटचा यूएसबीवर चालणारा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आहे, एक कंडेन्सर माइक, विंडोजचा लॅपटॉप, टेबलावर दोन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर. कंडेन्सर माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दाबलं की इंटरफेस कधी लगेच तर कधी पाच-दहा मिनिटांनी डिस्कनेक्ट होतो. आणि लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ येतं, त्याच्यावर बारीक चुंईं, आणि माउस हलवला की ती चुंईंपण हलते. दुकानदार म्हणतोय इंटरफेस बदला, मित्र म्हणतोय पॉवर कंडिशनर घ्या. काय घेऊ?

सध्या काहीच घेऊ नका. मला यात एक नाही, दोन दुखणी दिसतायत. डिस्कनेक्ट होणं हा करंट कमी पडण्याचा प्रकार आहे आणि चुंईं हा अर्थिंगचा. दोन्ही एकाच यूएसबी वायरीतून येतात म्हणून माणूस एकच औषध शोधत बसतो, आणि मग पॉवर्ड हब (स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब) आणला तर डिस्कनेक्ट थांबतं पण चुंईं तशीच, मग म्हणतो हब बोगस. ताप आणि पाय मुरगळणं एकाच दिवशी झालं म्हणून एका गोळीत दोन्ही जात नाहीत ना, तसंच.

माझं सांगायचं तर मंडपात साउंडवाल्याच्या हाताखाली वायरी गुंडाळण्यापासून सुरुवात केली, आता सतरा-अठरा वर्षं झाली, गेली काही वर्षं पुण्यात आणि आसपास लोकांच्या घरचे छोटे स्टुडिओ लावून देतो. तरी तुमच्या घरचं वायरिंग मी बघितलेलं नाही, चार्जर दोन पिनचा का तीन पिनचा ते तुम्ही लिहिलेलं नाही, स्पीकरला कुठली केबल लावलीय तेही नाही, आणि सगळं नेमकं याच तीन गोष्टींवर अवलंबून आहे. म्हणून "हेच असणार" असं छातीठोकपणे न सांगता मी कुठल्या क्रमाने शोधतो ते सांगतो.

आधी डिस्कनेक्टचं बघू, ते सोपं आहे.

साध्या यूएसबी २ च्या पोर्टातून ठरावानुसार ५ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे अडीच वॉट. यूएसबी ३ च्या पोर्टातून ९०० मिलिअँपिअर, साडेचार वॉट. एवढ्यातच इंटरफेसला आपला कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) चालवायचा, प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे) चालवायचे, हेडफोनला ताकद द्यायची, आणि त्या ५ व्होल्टचे फुगवून ४८ करायचे. कंडेन्सर माइक स्वतः फार खात नाही, साधारण २ ते ५ मिलिअँपिअर. ५ धरले तरी ४८ गुणिले ५ म्हणजे पाव वॉटच्या आतच, पण व्होल्टेज दहापट वाढवताना काही ताकद गरम होण्यात जाते, शिवाय बटण दाबल्या क्षणी आतले कपॅसिटर भरायला एक झटका लागतो. इंटरफेस आधीच काठावर चालत असेल तर त्या झटक्याला व्होल्टेज खाली बसतं, आतली चिप रिसेट होते, आणि विंडोज तो टुंग-टुंग आवाज काढून मोकळं होतं.

आता काठावर का चालतोय? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पोर्ट नाही, केबल. यूएसबी केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत तारेचा गेज छापलेला असतो, तो वाचा. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे उलटं आहे हे लक्षात ठेवा. स्वस्तातल्या केबलमध्ये पॉवरची तारसुद्धा २८ गेजची असते, तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. केबल दोन मीटरची असेल तर करंट जाऊन परत येतो म्हणजे चार मीटर तार झाली, म्हणजे जवळजवळ ०.८५ ओहम. त्यातून अर्धा अँपिअर ओढला की ०.४ व्होल्टच्या वर वायरीतच गेले. लॅपटॉपने ५ दिले, इंटरफेसला पोचले ४.६. तीच केबल २४ गेजची असेल तर घट ०.१७ व्होल्टच्या आसपास. आणि एक मीटरची घेतलीत तर त्याच्याही निम्मी. म्हणून माझा नियम एकच, इंटरफेसला आखूड आणि जाड केबल. मोबाईलच्या चार्जिंगची लांबलचक केबल "बसतेय ना पिन" म्हणून लावायची नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर यूएसबीचा एक छोटा मीटर मिळतो, पेनड्राइव्हएवढा, मध्ये लावायचा, व्होल्टेज आणि करंट दोन्ही दाखवतो, काहीशे रुपयांत येतो. या सगळ्या प्रकरणात काही विकत घ्यायचंच असेल तर पहिलं हे घ्या. मागे एका हार्मोनियम वाजवणाऱ्या काकांकडे गेलो होतो, त्यांचंही हेच, ४८ दाबलं की गायब. मीटर केबलच्या इंटरफेसकडच्या टोकाला लावला (मुद्दाम त्या टोकाला, लॅपटॉपकडे लावलात तर केबलमधली घट दिसणारच नाही). नुसता चालू असताना ४.७१. हेडफोनचा आवाज वाढवला, ४.६४. ४८ दाबलं, आकडा ४.४ ला गेला आणि स्क्रीनवरून इंटरफेस गेला. मग माझ्या बॅगेतली अर्ध्या मीटरची केबल लावली, सगळं चालू करून ४.९ च्या खाली आला नाही. काका माझ्याकडे बघत राहिले, कारण तोवर त्यांनी दुसरा इंटरफेस ऑर्डर करून झाला होता.

केबल बदलूनही होत असेल तर पोर्ट बदला. लॅपटॉपला दोन बाजूंना पोर्ट असतात, दोन्ही सारखे असतीलच असं नाही. टॉवरवाला कॉम्प्युटर असेल तर पुढचे पोर्ट विसरा, ते आतून लांब बारीक वायरीने बोर्डावर गेलेले असतात, मागचे थेट बोर्डावर. आणि मध्ये बिनअडॅप्टरचा हब असेल, ज्यात माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह सगळं एकत्र, तर तो आत्ता काढा, त्या ५०० मध्ये सगळे वाटेकरी झाले. हे सगळं करूनही व्होल्टेज बसतंय तर मग पॉवर्ड हब, ५ व्होल्ट आणि निदान २ अँपिअरचा अडॅप्टर असलेला. काही इंटरफेसला मागे वेगळं डीसीचं भोक असतं, तसं असेल तर हबपेक्षा ते बरं, फक्त अडॅप्टर लावताना व्होल्टेज आणि आतली पिन प्लस का मायनस हे खोक्यावरच्या चिन्हाशी जुळवून बघा. गिटारच्या पेडलचे अडॅप्टर बहुतेक उलटे असतात, आतली पिन मायनस, तो चुकून खुपसलात तर आपल्या हाताने इंटरफेस मारलात.

तुम्ही "कधी पाच-दहा मिनिटांनी" असंही लिहिलंय. लगेच जातो तो करंटचा झटका, पण मिनिटांनी जातो त्याला अजून दोन कारणं असू शकतात. एक, पिन सैल आहे आणि टेबलाला हात लागला की हलते, हे केबल हळू हलवून बघा. दोन, विंडोज वीज वाचवायला यूएसबी झोपवतं. रेकॉर्डिंग चालू असताना सहसा नाही, पण दोन टेकच्या मध्ये चहाला उठलात आणि परत आलात तर गायब, असं असेल तर हेच. पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढा. दोन मिनिटांचं काम आहे, करूनच ठेवा.

आता चुंईंकडे, इथे जरा वेळ घालवायला लागेल.

आवाज कुठला आहे हे सुरावरून ओळखता येतं, आणि तुम्ही गाणारे आहात म्हणजे तुम्हाला तर मीटरही नको. आपल्याकडे लाइट ५० हर्ट्झची. तिचा हम, म्हणजे ते घूंऽऽ, ५० वर आणि त्याच्या पटींत, १००, १५०, २०० असा येतो. पेटीवर पांढरी पाच धरा. ती खालच्या सप्तकांत ४९ आणि ९८ हर्ट्झला येते. म्हणजे लाइटचा हम हा पांढरी पाचपेक्षा अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याने चढा. घूंऽऽ आवाज पांढरी पाचच्या जवळ पण किंचित चढा लागला तर तो भिंतीतून येतोय, अर्थिंगमधून किंवा अडॅप्टरमधून. बारीक चुंईं जर वरच्या पांढरी सातच्या जरा वर स्थिर लागली तर ती १००० हर्ट्झ, आणि हा यूएसबीचा स्वतःचा ताल आहे, कारण यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक ठोका पडतो, सेकंदाला हजार. हायस्पीड यूएसबीत त्या एका मिलिसेकंदाचे आठ तुकडे, म्हणजे ८००० हर्ट्झ, तीन सप्तकं वर, कान टोचणारी शिट्टी. आणि जी चुंईं माउस हलवला, विंडो सरकवली की बदलते, ती लॅपटॉपच्या पोटातली, प्रोसेसर आणि ग्राफिक्स जसा करंट ओढतात तशी गाते.

कानावर भरवसा नसेल तर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, सुळके कुठे उभे राहतात ते बघा. ५० चा सुळका मोठा असेल तर वायरी आणि अर्थिंग. १०० आणि त्याच्या पटी जास्त असतील तर अडॅप्टर, नाहीतर पंख्याचा रेग्युलेटर.

मग तीन चाचण्या, याच क्रमाने.

पहिली, चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. तुमचं हे झालंय, आवाज जातो. छान, म्हणजे इंटरफेस खराब नाही, दुकानदाराचा मुद्दा इथेच संपला.

दुसरी, चार्जर लावलेला असताना स्पीकर बंद न करता त्यांच्या केबल इंटरफेसमधून उपसा आणि हेडफोन थेट इंटरफेसला लावून ऐका. हेडफोनमध्ये शांत असेल तर आवाज इंटरफेस आणि स्पीकरच्या मधल्या वायरीत तयार होतोय. हेडफोनमध्येही असेल तर तो आत शिरलाय.

तिसरी, स्पीकरची केबल उपसलेलीच ठेवून शांतता रेकॉर्ड करा आणि नंतर चार्जर काढून ती फाइल ऐका. हे फार जण करत नाहीत आणि इथेच फसतात. फाइल स्वच्छ असेल तर तुमच्या गाण्यात आवाज जातच नाहीये, फक्त ऐकताना येतोय, निम्मी काळजी संपली. फाइलमध्ये असेल तर माइकच्या बाजूला बघायचं.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं दुसऱ्या चाचणीत हेडफोन शांत निघेल. तसं निघालं तर काय होतंय ते सांगतो. तुमचा चार्जर तीन पिनचा असेल तर लॅपटॉपचं ग्राउंड चार्जरमधून भिंतीतल्या अर्थिंगला गेलं. स्पीकरही तीन पिनचे, त्यांचं ग्राउंड त्यांच्या वायरीतून अर्थिंगला गेलं. आणि मध्ये यूएसबी केबल, इंटरफेस आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून (आतल्या वायरीभोवतीचं विणलेलं वेष्टन) तीच दोन ग्राउंड परत एकमेकांना जोडली गेली. झालं वर्तुळ पूर्ण. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या वर्तुळात करंट फिरतो, लॅपटॉपच्या पोटातली खरखरही त्याच वाटेने निघते, आणि तुमची ऑडिओ केबल मोनो असेल तर तिची जाळी हीच सिग्नलची परतीची वायर असल्यामुळे स्पीकर त्या सगळ्याला गाणं समजून वाजवतो.

म्हणून आत्ता उठा आणि स्पीकरच्या केबलची पी-३८ पिन (गिटारच्या केबलला असते ती पाव इंची) बघा. टोकावर एक काळी रिंग असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. इंटरफेसच्या मागचे लाइन आउट बहुतेक बॅलन्स्ड असतात, स्पीकरचे इनपुटही, आणि मधे माणूस लावतो गिटारची मोनो केबल, कारण ती घरात पडलेली असते. दोन्ही टोकांना स्टिरिओ पी-३८, किंवा स्पीकरकडे कॅनन पिन (तीन पिनांची एक्सएलआर), अशी केबल लावली की सिग्नल दोन वायरींतून जातो आणि स्पीकर त्या दोन वायरींतला फरक तेवढा घेतो. जाळीत काय फिरतंय त्याच्याशी त्याला देणंघेणं राहत नाही. स्वतः सोल्डर करत असाल तर कॅननमध्ये १ ला जाळी, २ ला टोक, ३ ला रिंग. मी घरोघरी जाऊन जे हम घालवले त्यातले निम्म्याहून जास्त नुसत्या या केबलच्या जोडीने गेलेत.

स्पीकरला फक्त आरसीए इनपुट (टीव्ही-डीव्हीडीला असतात तशी लाल-पांढरी भोकं) असेल तर बॅलन्स्डचा उपयोग नाही. मग मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा डबा लागतो, त्यात सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याचा संबंधच तुटतो. गाडीच्या म्युझिक सिस्टिमचे स्वस्त डबे चालतात पण बारीक ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्ज पातळ होतो, पखवाज मिक्स करणार असाल तर ते जाणवेल.

चार्जर दोन पिनचा असेल तर कथा वेगळी. तिथे वर्तुळ नाही, पण चार्जरच्या आत एक छोटा कपॅसिटर असतो त्यातून लाइटचा अंश लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. पत्र्याच्या लॅपटॉपवर हात फिरवला की झिणझिण लागते ना, ती हीच. मल्टिमीटर लावलात तर शंभरेक व्होल्टही दाखवेल, घाबरू नका, करंट अगदी नगण्य असतो, पण तो जातो कुठे तर तुमच्या इंटरफेसमधून स्पीकरच्या अर्थिंगकडे, आणि जाताना वाजतो. इथेही बॅलन्स्ड केबलने फरक पडतो, आणि त्या लॅपटॉपचा अस्सल तीन पिनचा चार्जर मिळत असेल तर तो बघा.

आता अर्थिंग. हे लिहिताना हात आखडतो कारण इथे जिवाचा प्रश्न आहे, पण लिहायलाच हवं. तुम्हाला कोणीतरी सांगेलच की चार्जरची नाहीतर स्पीकरची तिसरी पिन कापा, हम जातो. जातो, खरंय. ती वरची जाडी पिन लांब ठेवलीय ती उगाच नाही, खुपसताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून. ती कापलीत आणि उद्या त्याच वस्तूच्या आत फेज बॉडीला टेकला तर तो तुमच्यापर्यंत माइकमधून येणार, आणि माइक ओठापाशी असतो. मी एका गायकाला स्टेजवर माइकला ओठ लागताच मागे पडताना बघितलंय. सुदैवाने फक्त ओठ पोळला. त्या दिवसापासून माझ्या सेटअपमध्ये कोणाचीही कापलेली पिन दिसली की आधी ती बदलतो, मग नमस्कार.

पिन शाबूत असून भिंतीत अर्थिंगच नसेल हेही आपल्याकडे सर्रास. एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर सेटअप लावला होता, सगळं बॅलन्स्ड, तरी घूं जाईना. मीटरने फेज आणि अर्थ मोजलं, २३० च्या आसपास, ठीक. न्यूट्रल आणि अर्थ मोजलं, शून्य. अगदी ०.०. अर्थिंग चांगलं असलं तरी घरात पंखे-फ्रिज चालू असताना न्यूट्रलवर एखाद-दोन व्होल्ट दिसायला हवेत, इतकं स्वच्छ शून्य आलं की मला संशय येतो. बोर्ड उघडला तर वायरमनने सॉकेटच्या मागेच न्यूट्रलमधून तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडलेला. म्हणजे घराचा सगळा परतीचा करंट ज्या वायरीने जातो तिलाच माझं ग्राउंड बांधलेलं, आवाज येणार नाही तर काय. आणि हम सोडा, ती न्यूट्रलची वायर कुठे तुटली असती तर लॅपटॉपच्या बॉडीवर २३० आले असते.

तुम्हाला मल्टिमीटर वापरायची सवय असेल तर हे दोन आकडे घ्या, नसेल तर वायरमन बोलवा, सॉकेटमध्ये प्रयोग करू नका. न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट ठीक, पाच-दहाच्या पुढे गेलं तर अर्थिंग कच्चं आहे किंवा न्यूट्रल सैल आहे. नुसत्या मीटरवर शंभर टक्के विसंबू नका, मीटर इतका कमी करंट घेतो की गंजलेल्या अर्थिंगलाही २३० दाखवतो. जुने वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब लावून बघतात, पूर्ण पेटला तर ठीक, मिणमिणला तर बोंब. घरात ईएलसीबी (अर्थकडे करंट गळला की लाइट तोडणारी स्विच) असेल तर ती या चाचणीत पडणार, पडली तर ती चांगली आहे एवढंच. आणि बंगला किंवा गावचं घर असेल तर अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोधा. कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा मे महिन्यात कोरडा ठणठणीत होतो, त्यात बादलीभर पाणी ओतल्यावर हम कमी झालेला मी स्वतः ऐकलाय. लोक हसतात, पण ओल्या मातीतून करंट बरा जातो, यात चमत्कार काही नाही.

इतकं मोठं नको असेल तर निदान एवढं करा : लॅपटॉपचा चार्जर, स्पीकर, सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, आणि तो बोर्ड एकाच सॉकेटला. दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटांत वाटलंत की अर्थच्या दोन वाटा लांब झाल्या आणि वर्तुळ मोठं झालं.

खोलीतलेही काही कलाकार असतात. गोल फिरणारा बिनटप्प्यांचा पंख्याचा रेग्युलेटर प्रत्येक अर्धलहरीचा तुकडा तोडून वेग कमी करतो, त्याची कुरकुर १०० च्या पटींत माइकच्या केबलपर्यंत पोचते. पंखा पूर्ण वेगात किंवा बंद ठेवून बघा, आवाज गेला तर टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावा. लाइट गेली की इन्व्हर्टरवर घूं एकदम वाढत असेल तर बहुधा इन्व्हर्टर साइनवेव्हचा नाही, स्क्वेअरवेव्हचा आहे. मोबाईलही इंटरफेसपासून हातभर लांब ठेवा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा अडॅप्टरही त्याच बोर्डावर असेल तर एकदा काढून ऐका, मी एकदा अख्खी दुपार इंटरफेसला दोष देत बसलो होतो आणि गुन्हेगार तो निघाला.

नुसती श्शऽऽ अशी हिस्स येत असेल तर वरचं काहीही लागू नाही. ते गेनचं (इंटरफेसवर माइकचा सिग्नल वाढवणारा नॉब) प्रकरण आहे, माइक लांब आणि गेन खूप. जवळ या, गेन उतरवा.

आता खरेदीचं. पॉवर कंडिशनर लाइटमधली खरखर गाळतो, पण तुमचं वर्तुळ तो तोडत नाही, त्याच्या आतून अर्थची वायर सरळ जाते. म्हणून तुमच्या मित्राचा सल्ला मी तरी मानणार नाही. पॉवर्ड हब व्होल्टेज बसणं थांबवतो, ग्राउंड मात्र लॅपटॉपला जोडलेलंच राहतं, म्हणजे चुंईंवर त्याचा भरवसा नाही. तिसरी वस्तू यूएसबी आयसोलेटर, ग्राउंड खरोखर तोडणारी हीच, पण यात दोन खड्डे आहेत. स्वस्तातले आयसोलेटर १२ मेगाबिटवरच चालतात आणि हल्लीचे बहुतेक इंटरफेस ४८० वर चालतात, लावलात तर एकतर ओळखणारच नाही नाहीतर तुटक वाजेल. ४८० वाले मिळतात पण चांगलेच महाग. दुसरा खड्डा म्हणजे अनेक स्वस्त आयसोलेटरच्या आतला पॉवरचा भाग १ वॉटचा असतो, ५ व्होल्टला जेमतेम २०० मिलिअँपिअर. म्हणजे चुंईं जाईल आणि ४८ व्होल्टचं पहिलं दुखणं दुप्पट होऊन परत येईल. तुमच्या दोन्ही तक्रारी एकत्र असल्यामुळे मी आयसोलेटर अगदी शेवटी ठेवीन.

आज रात्री बसणार असाल तर : हब काढा, आखूड केबल लावा, सस्पेंड बंद करा, मग ४८ दाबून अर्धा तास सोडा. त्यानंतर चार्जर लावून हेडफोनची आणि फाइलची चाचणी, आणि पी-३८ वरच्या रिंगा मोजा. तोवर टेक घ्यायचाच असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर उपसा आणि गा, मी लोकांच्या घरी अजूनही कित्येकदा हेच करतो, त्यात कमीपणा काही नाही. फक्त प्रत्येक टेकच्या आधी दहा सेकंद शांतता घेत जा, नंतर साफ करायची वेळ आली तर नॉइज रिडक्शनला नमुना तिथूनच मिळतो.

परत लिहाल तेव्हा चार्जर किती पिनचा ते, स्पीकरच्या पिनवर किती रिंगा ते, आणि हेडफोनमध्ये शांत आहे का नाही ते, एवढं लिहा. आणि हो, ती चुंईं पेटीवर कुठल्या पट्टीत लागते तेही सांगा.